चाकाचे नट खोलायला इलेक्ट्रिक इम्पॅक्ट रेंच: घरच्या वापरासाठी कोणता घ्यावा

गाडीसोबत मिळणारा एल आकाराचा चाकपाना साधारण २५ सेंटिमीटरचा असतो. त्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर नटावर सुमारे १४७ न्यूटन-मीटर (पिळायच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप; पुढे नुसतं एनएम) जोर पडतो. छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत चाकाचा नट साधारण ८५ ते ११० एनएमला आवळायला सांगितलेला असतो. म्हणजे हिशेबाने एका माणसाच्या वजनात नट सुटायला हवा. गोव्यात बऱ्याचदा तो सुटत नाही. एक कारण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं कारण टायरवाल्याची हवेवर चालणारी गन. पहिल्याने आटे गंजतात, दुसऱ्याने नट हवा त्याच्या दुप्पट आवळला जातो.

पण यावर लगेच इम्पॅक्ट रेंच घ्यायला धावू नका. दोन वर्षांतून एकदा पंक्चर होत असेल तर टोकाला अर्ध्या इंचाचा चौकोन असलेला ६० सेंटिमीटर लांब दांडा, म्हणजे ब्रेकर बार, आणि त्या चौकोनावर बसणारी एक गोटी (नटावर चढतं ते सॉकेट) एवढं पुरे. ६० सेंटिमीटरवर २५ किलोचा दाब दिला की तेच १४७ एनएम मिळतात. त्याला बॅटरी नाही, चार्जर नाही, डिकीत पडून राहिला तरी बिघडत नाही. रेंच घ्यावा तो घरात दोन-तीन गाड्या असतील, दर १०,००० किलोमीटरला टायरांची अदलाबदल अंगणातच करत असाल, मिरगाच्या आधी ब्रेक उघडून साफ करायची सवय असेल, किंवा कंबर आणि खांदा आता दांड्याला साथ देत नसेल, तर.

घ्यायचं ठरलं की आधी नावांचा गोंधळ मिटवू. ड्रिल मशीनचा ‘हॅमर’ मोड पुढच्या दिशेने ठोकतो, भिंतीला भोक पाडायला. नटासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हरला पुढे पाव इंचाचं षटकोनी तोंड असतं आणि तो स्क्रूसाठी असतो. ॲडॉप्टर लावून त्यावर गोटी चढवता येते, नवीन गाडीचा नट कधी सुटतोही, पण गंजलेल्या नटावर ॲडॉप्टरची मान तुटते. आपल्याला हवा तो इम्पॅक्ट रेंच, अर्ध्या इंची चौकोनाचा. ३/८ इंची छोटा मिळतो, तो दुचाकीला ठीक.

आत काय चालतं ते एकदा कळलं की खोक्यावरचे आकडे वाचता येतात. मोटर एका जड हातोड्याला फिरवते. नट अडला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो, सुटतो आणि गोटीच्या दांड्याला फिरण्याच्या दिशेने टोला देतो. असे मिनिटाला दोन-तीन हजार टोले बसतात. प्रत्येक टोला क्षणभराचा असल्यामुळे तुमच्या मनगटाला झटका जवळजवळ जाणवत नाही, नटाला मात्र पुरेपूर बसतो. गंज तोडायला हा टोला सलग जोरापेक्षा जास्त कामाचा. आणि म्हणूनच गोटी सैल असली, मध्ये लांब एक्स्टेंशन असलं किंवा ॲडॉप्टर असलं, तर टोल्याचा जोर त्या सांध्यांतच मुरतो. यंत्र कमजोर वाटतं, दोष असतो मधल्या जोडकामाचा.

किती एनएम

खोक्यावर दोन आकडे असू शकतात: आवळायचा आणि खोलायचा. खोलायचा नेहमी मोठा असतो आणि मोठ्या अक्षरात छापायला तोच आवडतो. उदाहरणार्थ मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० चा आवळायचा आकडा ३३० एनएम आहे आणि खोलायचा ५८०. तुलना करताना दोन्ही यंत्रांचा एकच आकडा धरा, नाहीतर आंबा आणि फणसाची तुलना होते.

गरजेचा हिशेब असा. ११० ला आवळलेला नट गंजला तर दीडपट-दुप्पट जोर मागतो, म्हणजे दोनशेच्या आसपास. गनने आवळलेला असेल तर अडीचशेही. म्हणून आवळायचा आकडा खरोखर ३०० ते ४५० असलेलं यंत्र हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हीला बस्स आहे. याच पट्ट्यात डीवॉल्टचा डीसीएफ ८९४ (४४७ एनएम) येतो. बॉशचा जीडीएस २५०-एलआय (२५० एनएम) आणि मकिताचा डीटीडब्ल्यू २८५ (२८० एनएम) थोडे खाली आहेत. चाकं घरातच आणि टॉर्क रेंचनेच (ठरवलेला जोर झाला की इशारा देणाऱ्या पान्याने) आवळत असाल तर तेही चालतील. इनोव्हा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ असेल तर चारशेच्या जवळचं घ्या.

हजार एनएमवाले मोह घालतात. डीवॉल्ट डीसीएफ ८९९ (९५० एनएम), मकिता डीटीडब्ल्यू १००२ (१,००० एनएम) ही यंत्रं उत्तम आहेत, पण ट्रकच्या आणि सस्पेन्शनच्या कामासाठी. वजन बॅटरीसकट तीन किलोच्या पुढे जातं. उकिडवं बसून, एका हाताने चाकाच्या मधोमध तोलून वीस नट खोलताना तो फरक कळतो. शिवाय ट्रिगरवर बोट अर्धा सेकंद जास्त राहिलं की मारुतीच्या बारीक स्टडचे (नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे) आटे गेलेच म्हणून समजा.

बॅटरी: फसवणूक इथे होते

१८ व्होल्ट आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ एकच. पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडले की नेहमीचा दाब १८ व्होल्ट असतो. पूर्ण चार्ज झाल्या झाल्या तो वीस-एकवीस दिसतो. स्वस्त यंत्रांवर ‘२१ व्होल्ट’ लिहितात तेही हेच. मात्र ‘८८ व्हीएफ’, ‘१८८ व्हीएफ’, ‘३८८ व्हीएफ’ असं काही दिसलं तर तो व्होल्टेजचा आकडाच नव्हे, छापलेली शोभा आहे.

खरी गोष्ट अँपिअर-अवरची (एएच), म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो त्याची. टोला मारताना मोटर एकदम मोठा करंट ओढते. दीड-दोन एएचच्या पॅकमध्ये पाचच सेल असतात, ते एवढा करंट देताना दबतात, व्होल्टेज खाली येतं आणि यंत्र धापा टाकतं. त्याच यंत्राला चार किंवा पाच एएचची बॅटरी लावली की ते वेगळंच चालतं. म्हणून किटमध्ये दोन छोट्या बॅटऱ्या असलेला सौदा आणि एक चार एएचची बॅटरी असलेला सौदा यांत दुसरा घ्या. चार चाकं म्हणजे १६ ते २० नट, एक चार एएचची बॅटरी त्याला पुरून उरते.

बॅटरीवरचा आकडा खरा का हे तपासायला वजनकाटा पुरतो, किराणा मालाचासुद्धा. बोटाएवढा एक १८६५० सेल सुमारे ४५ ग्रॅमचा. सहा एएचच्या पॅकमध्ये असे निदान दहा लागतात, म्हणजे नुसते सेलच ४५० ग्रॅम, वर पेटी आणि सर्किट. सहा एएच लिहिलेला पॅक ५०० ग्रॅमच्या आत भरला तर तो सहा एएचचा नाही. वाद घालायची गरज नाही, खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात चला.

गोव्यात आणखी एक प्रकार घडतो. घरातलं कोणी ना कोणी आखातात, बोटीवर किंवा पोर्तुगालात असतं आणि येताना यंत्र घेऊन येतं. दुबईचा किंवा लिस्बनचा चार्जर आपल्या २३० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेतला चार्जर बहुधा १२० व्होल्टचा असतो, इथे लावला की धूर. चार्जरच्या पाठीवरची ओळ वाचून घ्या: ‘१०० ते २४०’ किंवा ‘२२० ते २४०’ असेल तर ठीक. विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, १०० च्या मर्यादेत बसते. परदेशी खरेदीची वॉरंटी इथे मिळेल असं धरून चालू नका. इथे घेताना मात्र जीएसटीचं बिल घ्या आणि बिघडलं तर दुरुस्ती म्हापसा-मडगावला होते की यंत्र राज्याबाहेर पाठवावं लागतं, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारा.

मोटर ब्रशलेस असेल तर दोन पैसे जास्त द्या. तीच बॅटरी जास्त वेळ पुरते, कार्बन ब्रश झिजायचा प्रश्न नाही. वर्षातून चारदा वापरणाऱ्याला ब्रशवालं यंत्रही दहा वर्षं जाईल, हेही खरं.

सिगारेट लायटरला लावायचे १२ व्होल्टचे रेंच ऑनलाइन भरपूर दिसतात. लायटरचा फ्यूज १५ अँपिअरचा धरला तरी तिथून १८० वॉटच्या वर काही निघत नाही. ही यंत्रं आतलं जड चाक फिरवून दोन-तीन सेकंदांनी एकेक ‘खट्ट’ टोला देतात. नट सुटतो, पण संयम हवा, आणि लायटरऐवजी चिमटे थेट बॅटरीला लावले तरच. २३० व्होल्टची वायरवाली यंत्रं जोरदार आणि टिकाऊ असतात. ज्यांची गाडी पोर्चमध्येच उभी असते त्यांना ती वाईट नाहीत. पावसाळ्यात ओल्या अंगणातून एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा आणि ऐन वेळी वीज जायची, ही त्यांची अडचण.

गोटी

नेहमीच्या टूलकिटमधली चकचकीत गोटी इम्पॅक्टवर कधीही लावू नका. तिचं पोलाद कडक असतं, टोल्याने तडकतं आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. इम्पॅक्टची गोटी काळी, जाड, क्रोम-मॉलिब्डेनमची असते. सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी नटाचे कोपरे खाते.

मारुती आणि होंडाच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटर, ह्युंदाई आणि टोयोटाला २१, फोक्सवॅगन-स्कोडाला १७. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा आपल्या गाडीचा चाकपाना दुकानात घेऊन जा आणि त्याच मापाची गोटी मागा. अलॉय चाक असेल तर बारीक भिंतीची, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली लांब गोटी मागा, नाहीतर नटाच्या खोलगट भोकात गोटी घासून अलॉयवर कायमचे वळ उठतात. १७, १९, २१ असा तिघांचा संच मिळतो, तोच सोयीचा.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांत एक खास दुखणं आढळतं. काही नटांवर चकाकणारी पातळ पत्र्याची टोपी चढवलेली असते. तिच्याखाली पाणी शिरलं की गंज फुगतो, नट पाव-अर्धा मिलिमीटर जाड होतो आणि १९ ची गोटी चढतच नाही. २१ ची घालून खडखडवू नका, कोपरे जातील. १९ ची गोटी रबरी नव्हे, लोखंडी हातोडीने हलकेच ठोकून बसवा, नट काढा आणि सरळ अखंड पोलादाचा नवा नट बसवा. नवा नट घेताना त्याची बैठक पाहा. मारुतीची निमुळती असते, होंडाची गोल. अदलाबदल झाली तर नट आवळल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो.

चोरीविरोधी लॉक नट असेल तर त्याच्या चावीवर इम्पॅक्ट चालवायचा नाही. चावीची नक्षी मोडते आणि मग तो एक नट काढायला टायरवाल्याच्या छिन्नीशिवाय इलाज राहत नाही. तो हातानेच, दांड्याने.

खोलताना

दुपारी दोन ते चार सोडून वेळ निवडा. हा आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढे जातो, कानाला मफ हवेत, आणि शेजाऱ्यांची वामकुक्षी हा आपल्याकडे गंभीर विषय आहे.

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, तेव्हा मागचं चाक उचलायचं असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर हवाच. अडसर म्हणून गडग्याचा चिरा, म्हणजे कुंपणाच्या भिंतीतला जांभा दगड, चालतो. पण तोच चिरा गाडीखाली आधार म्हणून ठेवायची सवय अनेक घरांत आहे, ती जीवघेणी आहे. चिरा भिंतीत चहूबाजूंनी दाबलेला असतो तेव्हा पक्का, गाडीच्या चौकटीची अरुंद कड त्यावर एका रेघेत टेकली की तो वरून भुगा होत जातो आणि मग एकदम फुटतो. भिजलेला असेल तर आणखी लवकर. आधाराला लोखंडी जॅक स्टँडच. पावसाने मऊ झालेल्या लाल मातीच्या अंगणात जॅकखाली निदान एक इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद फळी ठेवा. नाहीतर गाडी वर जायच्याऐवजी जॅक खाली जातो.

चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा. गोटी तळापर्यंत बसली ना पाहा, यंत्र उलट दिशेला आहे ना पाहा (दिशा चुकून आवळलेला नट हे या यंत्राचं सगळ्यात नेहमीचं पाप), मग ट्रिगर पूर्ण दाबा. धड नट दोन-तीन सेकंदांत सुटतो. दहा सेकंदांत हलला नाही तर थांबा. गंज सोडवणारा स्प्रे आट्यांच्या टोकाला मारा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, पुन्हा प्रयत्न करा. तरी नाही तर दांडा. तासभर ठोकत बसलं की बॅटरी आणि मोटर दोन्ही तापतात आणि नट तिथेच राहतो.

सगळे नट निघाले आणि चाक हबलाच (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) चिकटून बसलं, हे अलॉय चाकांत फार होतं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलेले, मध्ये खारट ओल, मग दुसरं काय होणार. जॅकवर असताना चाकाला लाथा मारू नका. नट पुन्हा हाताने चढवा, प्रत्येक एक फेरा सैल ठेवा, गाडी खाली उतरवा आणि अंगणातच चालीच्या वेगाने दोन-चार फूट पुढे-मागे घ्या. ‘टक्’ असा आवाज आला की सुटलं. मग हबच्या मधल्या गोल कडेवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून तिथे कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. फक्त त्या कडेवर. स्टडवर, नटाच्या बैठकीवर किंवा डिस्कवर एक थेंबही नको.

स्टडला तेल लावायची सूचना पुष्कळ जण करतात, म्हणून कारण सांगतो. पुस्तिकेतला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की घर्षण घटतं, त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, आणि एक दिवस आवळतानाच तुटतो. आटे ब्रशने साफ करा, कोरडे ठेवा.

बसवताना रेंच बाजूला

नट पहिले चार-पाच फेरे बोटांनीच चढले पाहिजेत. बोटांनी जात नसेल तर आटा तिरका लागलाय, इम्पॅक्ट लावलात तर स्टड बाद. नंतर यंत्राचा सगळ्यात हलका टप्पा वापरून नट चाकाला टेकेपर्यंत आणायला हरकत नाही. पहिला टोला ऐकू येण्याआधी बोट काढा. गाडी खाली उतरवा आणि शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करा. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसे एक सोडून एक, चार असतील तर समोरासमोर. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला.

तेव्हा खरेदीचा हिशेब करताना ४० ते २०० एनएमचा, अर्ध्या इंची, ‘क्लिक’ करणारा टॉर्क रेंच त्यात धराच. बजेट आखूड पडत असेल तर इम्पॅक्ट पुढच्या चवथीला घ्या, टॉर्क रेंच आधी. क्लिक एकदाच ऐकायचा. खात्रीसाठी दोन-तीनदा क्लिक करणारे दर वेळी नट थोडा पुढे नेतात. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर सोडून ठेवा, आणि नट खोलायला तो कधीच वापरू नका.

कमी-जास्त आवळलेल्या नटांनी ब्रेकची डिस्क किंचित वाकडी बसते. चोर्ला घाट उतरताना ब्रेक पेडल थरथरतं ते अनेकदा यामुळे. आणि जास्त आवळलेला नट अनमोड घाटात भर पावसात पंक्चर झालं की एल पान्याने सुटत नाही, कारण इम्पॅक्ट तेव्हा घरी फळीवर असतो. बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की थंड चाकांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवा, अलॉयला तर नक्कीच.

ठेवताना

यंत्र पुसून, बॅटरी काढून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जून ते सप्टेंबर बॅटरीचे पत्रे हिरवट पडतात. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसले की पुरतं. चौकोनी तोंडावर मशीन तेलाचा एक थेंब. बॅटरी निम्म्या चार्जवर ठेवायची, पूर्ण भरून नव्हे आणि रिकामी तर मुळीच नव्हे. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तिला सोडू नका. काम संपल्या संपल्या तापलेली बॅटरी चार्जरला लावू नका, अर्धा तास पंख्याखाली ठेवा. वीज गेली तर चार्जरच्या पुस्तिकेत मनाई नसेल तरच तो घरच्या इन्व्हर्टरवर चालवा, साध्या चार्जरचा एक-दोन पंख्यांएवढाच भार पडतो.